पिवळ्या पावडरीशी पहिली गाठ: युरेनिल अ‍ॅसिटेट हाताळणाऱ्या नवख्यांसाठी

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कपाटातली एक तपकिरी बाटली दाखवली गेली. "हिला हात लावायचा नाही." तिसऱ्या आठवड्यात सांगण्यात आलं, "त्या बाटलीतून दोन टक्क्यांचं द्रावण करून ठेव." मधल्या पंधरा दिवसांत नेमकं काय शिकायचं होतं, ते कुणी सांगितलं नाही. सांगायचं कुणी टाळलं असंही नाही. ज्याला त्याला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

गोव्यात ताळगावला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते, त्या काकूंना कुठून तरी 'युरेनियम' हा शब्द कळला. संध्याकाळी दारातच अडवून विचारलं, "बाय, ते कैगाचं कायबाय घरी आणत नाहीस ना?" कैगा म्हणजे आपल्या सीमेपलीकडे कारवार तालुक्यातलं अणुवीज केंद्र. मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. कारण त्यांच्या प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

गोव्यात सागरी जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वैद्यक किंवा पदार्थविज्ञान शिकणारी मुलं केव्हा ना केव्हा टीईएमपर्यंत, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपर्यंत पोचतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्या दिवशी हातात मिळायला हवा होता तो कागद, असं समजा.

१. आधी भीती योग्य जागी ठेवा

युरेनिल अ‍ॅसिटेट ही पिवळी, स्फटिकासारखी पावडर. अतिनील प्रकाशात हिरवट चमकते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये पेशी, विषाणू, पटलं नीट दिसायची तर इलेक्ट्रॉन अडवणारा जड अणू नमुन्यावर बसवावा लागतो. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, म्हणून हे काम त्याला उत्तम जमतं. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून जीवशास्त्रज्ञ ते वापरत आले आहेत. १९६३ पासून त्याच्या जोडीला लेड सायट्रेट आलं आणि 'आधी युरेनिल, मग लेड' ही जोडी जगभर रूढ झाली.

युरेनियम म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात किरणोत्सर्ग येतो. तो आहेच. बेकरेलला १८९६ साली किरणोत्सर्गाचा शोध लागला तोही युरेनियमच्या क्षारामुळेच. पण युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४.५ अब्ज वर्षं आहे. इतक्या सावकाश विघटन पावणारं मूलद्रव्य वजनाच्या मानानं फार थोडे किरण सोडतं. त्यातून बाहेर पडणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर जातात. कागद त्यांना अडवतो, त्वचेचा वरचा मृत थरही अडवतो. शिवाय बाजारात मिळणारं युरेनिल अ‍ॅसिटेट बहुधा 'डिप्लीटेड' युरेनियमपासून केलेलं असतं, म्हणजे युरेनियम-२३५ चा बराचसा भाग काढून घेतलेलं.

मग भ्यायचं कशाला? धुळीला.

पावडर श्वासावाटे आत गेली की दोन गोष्टी होतात. बाहेर कागदानं अडणारा अल्फा कण आता थेट जिवंत पेशीजवळ असतो, मध्ये कातडी नाही. आणि याहून तातडीची गोष्ट अशी की, हा क्षार पाण्यात विरघळणारा असल्यामुळे फुफ्फुसातून रक्तात पटकन जातो आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा करतो. थोडक्यात, शिसं किंवा पारा जसं जड धातूंचं विष, तसंच हे. बाटलीवरच्या धोक्याच्या विधानांत 'गिळल्यास प्राणघातक', 'श्वासावाटे गेल्यास प्राणघातक' हे आधी येतं, ते उगाच नव्हे.

एक हिशेब करून पाहा. या पावडरीच्या वजनात युरेनियम साधारण ५६ टक्के. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेनं विरघळणाऱ्या युरेनियमसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम ठेवली आहे. आता १ मिलिग्रॅम पावडर, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण, १० घनमीटरच्या छोट्या खोलीत धूळ होऊन पसरली तर हवेत दर घनमीटरला ०.०५६ मिलिग्रॅम युरेनियम झालं. मर्यादा ओलांडली. बॅलन्सवर १ मिलिग्रॅम सांडलेलं डोळ्याला जेमतेम दिसतं.

म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवा: कोरडी पावडर वाघ, ओलं द्रावण मांजर. मांजरही ओरबाडतं हे खरं. पण पुढची प्रत्येक पायरी पावडर कमीत कमी वेळ कोरडी कशी राहील, याच्याच भोवती फिरते.

२. हात लावण्याआधी हातात असायला हवीत अशी कागदपत्रं

युरेनियम हे अणुऊर्जेच्या कायद्याखाली येणारं, सरकारी नियंत्रणातलं द्रव्य आहे. त्यामुळे सोडियम क्लोराईडसारखं ते सहज मागवता येत नाही. परवानग्यांचं काम अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी बघते. तिची स्थापना १९८३ ची, आणि अर्ज 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीतून जातात. हा व्याप विद्यार्थ्यानं अंगावर घ्यायचा नसतो. पण कागद आहेत की नाहीत, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

विचारा:

- संस्थेचा आरएसओ कोण? म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. त्यांचं नाव आणि फोन प्रयोगशाळेच्या दारावर लिहिलेला असायला हवा.
- साठ्याची नोंदवही कुठे आहे? किती ग्रॅम आलं, कुणी किती काढलं, किती उरलं.
- या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस. छापील प्रत हवी. संगणकात आहे हे उत्तर लाईट गेल्यावर उपयोगाचं नाही.
- प्रयोगशाळेची लेखी कार्यपद्धती आणि तुम्ही ती शिकलात याची सहीसकट नोंद.
- काम सुरू करण्याआधीची तुमची वैद्यकीय तपासणी: लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारा आकडा). पुढे कधी शंका आली तर ताडून पाहायला आधीचा आकडा हवा. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, गर्भारपण किंवा अंगावर पाजणारं बाळ असेल तर आरएसओला खाजगीत सांगा आणि हे काम दुसऱ्याला द्यायला लावा. यात कमीपणा नाही.

सापळा: 'ही बाटली फार जुनी आहे, हिची नोंद नाही, पण वापरायला चालते.' अशा आजोबांच्या काळच्या बाटल्या कित्येक कपाटांत निघतात. झाकणाभोवती पिवळी खपली धरलेली असते, फिरवलं की ती भुरभुरते. अशी बाटली सापडली तर उघडू नका, हलवू नका. आरएसओला बोलवा. पुढचं काम त्यांचं.

टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग नोंदवणारा बिल्ला) मिळाला तर छातीवर लावा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. तो बाहेरून येणारे बीटा आणि गॅमा किरण मोजतो. नाकातून काय आत गेलं ते त्याला कळत नाही. ते कळतं लघवीतल्या युरेनियमच्या तपासणीतून.

३. सामान

फ्यूम हूड, म्हणजे आतली हवा बाहेर ओढून नेणारं, पुढे काच असलेलं कपाट (चालू स्थितीतला, वाऱ्याचा वेग वर्षभरात तपासलेला), कडा असलेला स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा ट्रे, पाणी शोषणारे प्लॅस्टिकच्या पाठीचे कागद, नायट्राईल ग्लोव्हज, बाजू झाकणारा चष्मा, पुढून बंद होणारा कोट, एन-९५ मास्क, टिश्यूचा गठ्ठा, स्प्रे बाटलीत पाणी, तपकिरी बाटल्या, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, लुअर-लॉक सिरिंज, ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, पॅराफिल्म, झाकणाच्या पेट्री डिश, या कामापुरता वेगळा ठेवलेला चिमटा, कचऱ्यासाठी रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बाटली, जाड पिशव्या, न पुसणारा मार्कर. आणि पातळ खिडकीचा, पॅनकेक आकाराच्या प्रोबचा जीएम काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग टिकटिकून दाखवणारं यंत्र. हा नसेल तर सांडलंय की नाही हे कळायला डोळ्यांखेरीज काहीच साधन उरत नाही.

शिशाचा एप्रन लागत नाही. एका सहकाऱ्यानं एक्स-रे विभागातून तो मागवला होता. नऊ-दहा किलोचं ओझं घालून घामाघूम होत त्यानं पावडर मोजली, ती तोंडाला मास्क न लावता.

४. अंग, केस, कपडे

ग्लोव्हजचे दोन जोड, एकावर एक. वरचा खराब झाला तर हूडच्या आतच काढून टाकायचा, खालचा हातावर राहतो. कोटाच्या बाह्या ग्लोव्हजच्या आत खोचा. ओढणी घरी ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, केस बांधा. आमच्याकडे श्रावणात मुली अबोलीचे गजरे माळून येतात. ते बाहेर काढून ठेवा, कारण केसांत हात जातोच. चपला-सँडल चालणार नाहीत. पावसात भिजलेले बूट बदलायला कोरडी जोडी प्रयोगशाळेत ठेवा, नाहीतर माणूस नकळत चपलांवर उतरतो.

मोबाइल खिशात नाही, बाहेर. ग्लोव्हज घातलेल्या हातानं मोबाइल उचलायचा आणि मग तोच कानाला लावायचा, हे मी स्वतः केलं आहे.

आपण जेवतो हातानं. हुमण-भात कालवताना बोटांच्या पेरांत, नखांत जे असेल ते थेट पोटात. चमच्यानं खाणाऱ्या देशांतल्या पुस्तकांत 'हात धुवा' एवढंच एका ओळीत असतं. तुम्ही मात्र नखं कापलेली ठेवा आणि साबणानं दोनदा धुवा, दुसऱ्या वेळी मनगटापर्यंत. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायचा नाही, पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची नाही. हे सगळ्यांना पाठ असतं आणि मे महिन्यात सगळेच मोडतात.

५. द्रावण करणं

सगळा धोका इथं एकवटलेला आहे, म्हणून सावकाश.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पावडर मोजायचीच नाही. दोन टक्क्यांचं तयार द्रावण विकत मिळतं. ते परवडत असेल, परवानगीत बसत असेल, तर तेच घ्या. ते जमत नसेल तर पावडर लहान बाटलीत मागवा. १ ग्रॅमची बाटली असेल तर वजन करायचं कारणच नाही: झाकण उघडायचं, पाणी आत सोडायचं, विरघळलं की मोठ्या बाटलीत ओतायचं, पुन्हा पाणी घालून विसळून घ्यायचं. एकूण ५० मिलिलिटर केलं की दोन टक्क्यांचं द्रावण तयार. पावडर हवेला दिसली ती फक्त झाकण उघडल्यापासून पाणी पडेपर्यंत, दहाएक सेकंद.

पण बहुतेक ठिकाणी २५ ग्रॅमची एकच बाटली असते आणि मोजण्यावाचून गत्यंतर नसतं. तेव्हा असं करा:

आधी खोलीचा पंखा बंद. गोव्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, पण वरून गरगरणाऱ्या पंख्याखाली ही पावडर उघडायची नाही म्हणजे नाही. एसीचा झोतही हूडच्या तोंडावर येत नाही ना, ते टिश्यूची पट्टी धरून बघा.

ट्रेमध्ये शोषक कागद अंथरा, त्यावर पाण्याची हलकी फवारणी करा. ओल्या कागदावर पडलेला कण तिथंच बसतो.

बॅलन्स हूडच्या बाहेर असेल तर उलट्या क्रमानं जा. झाकणाची रिकामी बाटली बाहेर तोला, वजन लिहा. हूडमध्ये अंदाजानं पावडर घाला, झाकण लावा, बाहेरून पुसा, मग पुन्हा तोला. जितकी पावडर भरली असेल त्या हिशेबानं पाणी घाला: ०.४३ ग्रॅम आली तर २१.५ मिलिलिटर. पावडर नेमकी ०.४० करायला चिमटी-चिमटी परत काढू नका. नवख्यांची अर्धी सांडासांड याच हट्टातून होते. पाणी वाढवता येतं, ते वाढवा.

वजन करायची प्लॅस्टिकची वाटी ('वेइंग बोट') टाळा. एसीच्या कोरड्या खोलीत प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत जमते आणि बारीक कण उडी मारून ग्लोव्हजला चिकटतात.

पाणी बाटलीच्या कडेनं सोडा, वरून धार नको. कार्बन डायऑक्साइड गेलेलं, उकळून झाकून थंड केलेलं शुद्ध पाणी घ्या. विरघळायला वेळ लागतो. घाईनं हातात धरून हलवू नका, बाटली फॉइलमध्ये गुंडाळून मॅग्नेटिक स्टररवर ठेवा. द्रावण आम्लधर्मी होतं, पीएच ४ ते ४.५ च्या आसपास. ते 'सुधारायला' फॉस्फेट बफर घालू नका, लगेच साका बसतो.

आणि मध्येच करंट गेला तर? जून ते सप्टेंबर हा प्रश्न 'गेला तर' असा नसतोच, 'गेला की' असाच असतो. करंट गेला की हूड थांबतो आणि हूडमधली हवा तुमच्याकडे परत येऊ शकते. झाकण लावा, हूडची काच खाली ओढा, बाहेर या. जनरेटर सुरू झाल्यावर लगेच आत धावू नका, पंखा पूर्ण वेग घेईपर्यंत थांबा. काळे ढग भरून आले असतील, वीजखात्याच्या दुरुस्तीची सूचना असेल, तर पावडरीचं काम त्या दिवशी काढूच नका. रंगवायला कालचं द्रावण असतंच.

६. गाळणं, आणि माझी फजिती

साका राहिलेलं द्रावण वापरलं तर चित्रात काळे ठिपके येतात, म्हणून वापरण्याआधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. मी साधी, नुसती खुपसायची सिरिंज वापरली. फिल्टर तुंबला, मी अंगठ्यानं जोर लावला, फिल्टर सुटला आणि पिवळी चिळकांडी थेट चष्म्यावर. चष्मा होता म्हणून हे लिहिते आहे. त्या काळात तिथले सगळेच, शिकवणारेसुद्धा, गाळताना चष्मा 'वाफ धरते' म्हणून काढून ठेवायचे. माझ्या नाकावरून तो घामानं घसरत होता, पण काढायचा कंटाळा केला.

तेव्हा: फिरवून बसणारी लुअर-लॉक सिरिंज, फिल्टरचं तोंड बाटलीच्या आत, काम हूडमध्ये, आणि जोर लागायला लागला की फिल्टर बदला. जमलं तर गाळण्याऐवजी बाटली रात्रभर न हलवता ठेवा आणि वरचं नितळ द्रावण घ्या, किंवा लहान नळ्या सेंट्रिफ्यूज करा. मी आता हेच करते.

७. ग्रिड रंगवणं

हे तुलनेनं निर्धोक आहे आणि रंगवण्याचं तंत्र तुमचे मार्गदर्शक शिकवतीलच, म्हणून मी फक्त सुरक्षेपुरतं सांगते.

पेट्री डिशमध्ये पॅराफिल्म, त्यावर एकेका ग्रिडसाठी (नमुना धरणारी धातूची बारीक जाळी) एकेक थेंब. बीकर भरून द्रावण घ्यायची गरज नाही. दहा ग्रिडना अर्धा मिलिलिटर पुरतं. ग्रिड पालथी घाला, वर झाकण, झाकणावर फॉइल. छेद (नमुन्याचे अतिपातळ काप) असतील तर १० ते १५ मिनिटं, विषाणूंसारख्या नमुन्यांच्या निगेटिव्ह स्टेनला (म्हणजे नमुन्याऐवजी त्याच्या भोवतालचा भाग गडद करण्याला) एक टक्का द्रावण आणि मिनिटभर किंवा त्याहून कमी. टिपून घेतलेला गाळणकागदाचा तुकडा टेबलावर टाकू नका, लगेच घन कचऱ्यात. तो सुकला की पुन्हा पावडरच.

धुवायचं पाणी सिंकमध्ये नाही, कचऱ्याच्या बाटलीत.

यानंतर लेड सायट्रेट असेल तर ते वेगळं विष आहे, ग्लोव्हज बदला. त्याच्यावर श्वास सोडला तरी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं पांढरा साका धरतो. म्हणजे निदान तिथं तरी तोंड बंद ठेवण्याचं कारण चित्राच्या दर्जाशी जोडलेलं आहे, आणि विद्यार्थी ते कारण जास्त मनावर घेतात.

युरेनियम टाळूनच काम होणार असेल तर उत्तम. निगेटिव्ह स्टेनला फॉस्फोटंगस्टिक आम्ल किंवा अमोनियम मोलिब्डेट पुष्कळदा पुरतं. छेदांसाठी समेरियम, गॅडोलिनियम, निओडिमियम यांचे अ‍ॅसिटेट वापरून चांगली चित्रं मिळाल्याचं प्रसिद्ध झालं आहे. ही द्रव्यंही हूड-ग्लोव्हजशिवाय हाताळायची नाहीत, पण परवान्याचा आणि कचऱ्याचा अर्धा व्याप वाचतो. 'आमच्याकडे पूर्वीपासून युरेनिलच वापरतात' हे काही शास्त्रीय कारण नव्हे. मार्गदर्शकांना एकदा विचारून बघा.

८. साठवण आणि पावसाळा

द्रावण तपकिरी बाटलीत, फॉइलमध्ये, चार अंशांच्या फ्रिजमध्ये, बाटलीखाली एक डबा. उजेडात ते बिघडतं. पावडर कुलूपबंद कपाटात, किल्ली दोघांकडेच.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. कागदी लेबलं ऑगस्टपर्यंत सुटतात, शाई पसरते, उरलेलं झुरळं खातात. मग चतुर्थीची सुट्टी संपवून आलेल्या माणसाला एक पिवळट द्रावणाची निनावी बाटली सापडते आणि तो हुंगून बघतो. बाटलीवरच न पुसणाऱ्या मार्करनं लिहा, वर पारदर्शक चिकटपट्टी ओढा: नाव, टक्केवारी, तारीख, तुमचं नाव, किरणोत्सर्गाचं पिवळं चिन्ह, 'विष' हा शब्द. फक्त 'यूए' असं लिहू नका, ते तुमच्यापुरतं.

जीएम काउंटर बंद बाटलीजवळ नेला की तो टिकटिकतो आणि नवा माणूस दचकतो. अल्फा तर काचेतून येत नाहीत, मग हे काय? युरेनियमपासून तयार होणारी थोरियम-२३४ आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ ही अपत्यं बीटा कण सोडतात, ते काचेतून थोडे बाहेर पडतात. थोरियमचं अर्धायुष्य २४ दिवसांचं, त्यामुळे नव्यानं शुद्ध केलेल्या पावडरीत ही अपत्यं सहाएक महिन्यांत पुरेपूर भरतात आणि टिकटिक वाढते. बाटली बिघडली म्हणून नव्हे. हातभर लांब ठेवलीत की आवाज जवळजवळ विरतो. उगाच मुठीत धरून गप्पा मारू नका एवढंच.

९. सांडलं, उडालं, लागलं

*पावडर सांडली:* श्वास रोखा, मागे सरा, बाकीच्यांना बाहेर काढा, पंखा-एसी बंद करा. ग्लोव्हज, मास्क घालून परत या. ओला टिश्यू अलगद वर ठेवा. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे पुसत या, प्रत्येक टिश्यू एकदाच. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर नाही, फुंकर तर नाहीच. साफसफाईच्या मामांना हाक मारू नका. तुम्ही सांडलंत, तुम्ही पुसा. त्यांना यातलं काही शिकवलेलं नसतं आणि ते केरसुणी घेऊनच येणार. शेवटी साबणाच्या पाण्यानं पुसून काउंटर फिरवा, आकडा आजूबाजूइतका खाली येईपर्यंत. प्रोब जमिनीला टेकवू नका, तोच खराब होईल.

*द्रावण सांडलं:* टिश्यूनं झाका, टिपा, पुसा, मोजा. सुकायला देऊ नका.

*कातडीवर:* कोमट पाणी आणि साबण, हलक्या हातानं. ब्रशनं खरवडलं की कातडी सोलते आणि आत जायला वाट मिळते. जखम असेल तर वाहत्या पाण्याखाली धरा आणि आरएसओला लगेच कळवा.

*डोळ्यात:* पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं पाणी. घड्याळ लावून पंधरा, कारण अशा वेळी दोन मिनिटंही पंधरा वाटतात.

*तोंडात किंवा नाकात:* चूळ भरा, नाक टिश्यूत शिंकरा आणि तो टिश्यू पिशवीत जपून ठेवा, तपासणीला उपयोगी पडतो. मग थेट इस्पितळ. गोव्यात १०८ ला फोन लागतो. सोबत एसडीएसची छापील प्रत न्या आणि डॉक्टरांना 'युरेनियम' एवढंच न सांगता 'विरघळणारा युरेनियमचा क्षार, मूत्रपिंडाला घातक' असं पूर्ण सांगा. नुसतं युरेनियम म्हटलं की सगळे तुमच्यापासून चार पावलं लांब उभे राहतात आणि क्रिएटिनिन राहून जातं. अशा वेळी डॉक्टर बायकार्बोनेट देऊ शकतात. म्हणून घरी खायचा सोडा पाण्यात घालून पिणं हा उपचार नव्हे. त्या दिवसापासूनची लघवी जमा करायला सांगतील, कंटाळा करू नका.

आणि लपवू नका. नोंदवहीत 'सांडलं' असं लिहिणाऱ्याला ओरडा बसतो, म्हणून कुणी लिहीत नाही. मग तीच बॅलन्सची कड दुसरा कुणी उघड्या हातानं पुसतो.

१०. कचरा

इथं भलेभले चुकतात. साध्या रासायनिक कचऱ्याला लागू असलेले २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम किरणोत्सर्गी कचऱ्याला लागू होत नाहीत, जैववैद्यकीय कचऱ्याचेही नाहीत. त्याला अणुऊर्जा कायद्याखालचे १९८७ चे वेगळे नियम आहेत. म्हणजे महिन्याला येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीत ही बाटली सरकवायची नाही, इस्पितळाच्या पिवळ्या पिशवीतही नाही. ती कुठं, कशी जायची ते आरएसओच ठरवणार.

सिंकमध्ये तर मुळीच नाही. हा क्षार पाण्यातल्या जीवांना दीर्घकाळ विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. दोन टक्क्यांच्या एका मिलिलिटरमध्ये युरेनियम ११ मिलिग्रॅमहून जास्त. पावणेचारशे लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला तेवढं पुरतं. आपल्याकडे पठारावर घर तिथं विहीर, आणि जांभ्या दगडातून पाणी कसं झिरपतं ते सांगायला नको.

द्रव वेगळा, घन वेगळा. द्रवाच्या बाटलीत लेड सायट्रेट किंवा नमुना टिकवायला वापरलेलं ऑस्मियम, ग्लुटाराल्डिहाइड मिसळू नका. मिश्र कचरा कुणीच घेत नाही आणि तो वर्षानुवर्षं कपाटातच राहतो. बाटली तीन चतुर्थांशाच्या वर भरायची नाही. बाहेर अंदाजे किती ग्रॅम युरेनिल अ‍ॅसिटेट आत आहे ते लिहीत जा, त्याच दिवशी. वर्षानं तो आकडा आठवत नाही.

११. संपवताना

काम झालं की काउंटर या क्रमानं फिरवा: हात, कोटाच्या बाह्या, बुटांचे तळवे, हूडची कड, बॅलन्स, दाराची मूठ, फ्रिजची मूठ. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त आवाज फ्रिजच्या मुठीवर येतो.

कोट प्रयोगशाळेतच राहणार, घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. काकूंना मी शेवटी हेच उत्तर दिलं: कोट तिथंच, बूट तिथंच, हात दोनदा धुऊन येते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या ओढणीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ती?"

तुमची पदवी पूर्ण होईल, नोकरी लागेल, तुम्ही जाल. जाण्याच्या आठवड्यात एक तास काढा. पावडरीची बाटली झाकणासकट तोला, नोंदवहीतल्या आकड्याशी जुळवा, तुमच्या नावाची सगळी द्रावणं कचऱ्यात नोंदवा, कचऱ्याच्या बाटल्यांची यादी करा, आणि आरएसओ व तुमच्या जागी येणारा विद्यार्थी, दोघांच्या सह्या घ्या. तो अजून आला नसेल तर सही मार्गदर्शकांची, आणि किल्ली त्यांच्या हातात. ड्रॉवरमध्ये नाही.